मांडीचा दिवस

माझ्या शिकवणीच्या गाडीत पाच पेडल आहेत. तीन शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दोन माझ्या. माझ्याकडे ॲक्सिलरेटर नाही, कारण गाडी पळवायला कुणालाही येतं. मला फक्त थांबवायचं काम. एक क्लच, एक ब्रेक, आणि त्यावर ठेवलेले माझे दोन पाय, अशी सव्वीस वर्षं मी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर काढली आहेत. सगळे मला मास्तर म्हणतात. घरी दारावरच्या पाटीवर वेगळं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही.

नाना तऱ्हेची माणसं शिकवली. पायाला विंचू चावल्यासारखी क्लच सोडणारी. ब्रेकवर उभी राहणारी. गिअर बदलताना गिअरकडेच टक लावून बघणारी, जणू तो कुणी चोरून नेणार आहे. माझं तोंड चांगलं नाही, हे मला माहीत आहे. एका डॉक्टरबाईंना मी भर चौकात म्हटलं होतं, ‘बाई, ऑपरेशन करताना पण डोळे मिटता का?’ त्या रागावल्या, पण शिकल्या. माझ्याकडून शिकून गेलेला माणूस कुठे धडकला, असं मी सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्याची मला फार घमेंड होती.

त्याचं कारण मांडीचा दिवस.

वीस दिवसांची शिकवणी असते. पहिले पंधरा दिवस माझे पाय पेडलवर. सोळाव्या दिवशी मी सीट मागे सरकवतो, चपला काढतो आणि सीटवर चक्क मांडी घालून बसतो. ‘आता माझे पाय माझ्याजवळ. तुमचं तुम्ही बघा,’ एवढंच म्हणतो. या दिवसाची सगळ्यांना धास्ती. बँकेतल्या एका कॅशियरला नेमका सोळाव्या दिवशी ताप यायचा, तीनदा आला. एक धिप्पाड कंत्राटदार हात जोडून म्हणाला, ‘मास्तर, निदान एक पाय तरी खाली ठेवा.’ मी ठेवला नाही. त्या दिवशी गाडी चार वेळा बंद पडते, एखाद वेळी टायरच्या ढिगाला जाऊन टेकते. पडू दे, टेकू दे. कारण शेजारी माझे पाय असतात तोवर कोण किती शिकलंय हे मलाही कळत नाही. गाडी थांबते, आणि आपणच थांबवली असं शिकणाऱ्याला वाटतं. मांडीच्या दिवसाशिवाय मी कुणालाही परीक्षेला नेलं नाही.

एकीला सोडून. ती माझी लेक.

चिमी आमची एकुलती. वय एकोणतीस, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. लोकांना ‘खालची ओळ वाचा’ म्हणताना तिचा आवाज खणखणीत असतो, पण स्टिअरिंग हातात आलं की तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्याच दिवशी चौकात गाडी बंद पडली. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले, आणि ही स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, ‘रडून झालं की किल्ली फिरवा.’ पण लेक रडत होती, आणि माझं तोंड तिथे चालेना. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, ‘घाबरलीस ना, की आधी क्लच दाबून टाकायचा. गाडी बंद पडत नाही. बाकी मी आहे.’

याहून चुकीचं मी कधी कुणाला शिकवलं नाही. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध सुटतो. गाडी बंद पडत नाही हे खरं, पण तिला धरून ठेवणारं इंजिनही सुटतं. सपाट रस्त्यावर ती थोडी पुढे जाऊन आपोआप थांबते. उतारावर मात्र आधी क्लच दाबणं म्हणजे लहान पोराचा हात गर्दीत सोडणं. आधी ब्रेक, गाडी थांबता थांबता क्लच, हे मी कंत्राटदाराला शंभर वेळा ओरडून सांगितलं होतं. चिमीनं क्लच दाबला की मी आपला गुपचूप ब्रेक दाबायचो. गाडी अलगद थांबायची. तिला वाटायचं, जमलं. ती माझ्याकडे बघून हसायची, आणि ते हसू मला मोडवत नव्हतं.

‘झाला का तिचा मांडीचा दिवस?’ तिची आई रोज जेवताना विचारायची.

‘उद्या. आज गुडघा धरलाय.’

‘तुमचा गुडघा बरा लेकीच्याच वेळी धरतो,’ ती म्हणायची. एकदा ताट उचलताना थांबली आणि शांतपणे म्हणाली, ‘अहो, एकदा तिला एकटीला चालवू द्या. जन्मभर तुम्ही थोडेच शेजारी बसणार आहात?’ मी म्हटलं, ‘शिकवणं माझं काम आहे, तुझं नाही.’ असं मी तिला नेहमीच म्हणायचो.

परीक्षा आमच्याच गाडीत झाली. परीक्षक कागद घेऊन बाहेर, झाडाखाली उभे. गाडीत मी आणि चिमी. चढावर थांबायचं, वळणावर थांबायचं, खांबांच्या मधून मागे घ्यायची. सगळीकडे ती व्यवस्थित थांबली. म्हणजे मी थांबवली. मी हे ठरवून केलं असंही नाही, पाय आपसूक जात होता, आणि तो आवरावा असं मला वाटलं नाही. चिमी पास झाली. घरी येऊन तिनं आईला धरून गोल गोल फिरवलं.

मग तिनं जुनी गाडी घेतली. गाडी बरी होती, ब्रेकचे पॅड तेवढे झिजले होते. ते मी फोरमनकडून बदलून घेतले. फोरमन म्हणजे माझ्या गाडीचा वीस वर्षांचा मेकॅनिक. कधीकाळी कुठल्याशा कारखान्यात फोरमन होता, ते नाव चिकटलं. दिवसभर गाडीखाली झोपून शिट्टी वाजवणारा माणूस. रविवारी मी स्वतः ती गाडी चालवत घरी आणून लावली.

सोमवारी सकाळी मी शिकवणीवर गेलो होतो. तिच्या आईला दातांच्या डॉक्टरकडे कवळीचं माप द्यायला जायचं होतं. चिमी म्हणाली, ‘चल, मी सोडते.’ आईला वाटलं असणार, चला, निदान आज तरी पोरगी एकटी चालवेल. ती पुढे बसली. ज्या बाजूला मी बसतो त्या बाजूला. तिथे पेडल नव्हते.

गल्लीतून सपाटीवर गाडी नीट गेली. मग पाण्याच्या टाकीपासून खाली बाजाराकडे जाणारा लांब उतार लागला. खाली कोपऱ्यावर सिमेंटच्या गोण्यांचा ट्रक उभा होता. गाडी त्याच्या मागच्या कोपऱ्यात घुसली, तिच्या आईच्या बाजूनं.

हॉस्पिटलमध्ये चिमीच्या कपाळाला सात टाके घालत होते. आई आतल्या खोलीत होती, तोंडावरून चादर ओढलेली. चिमीनं माझा शर्ट मुठीत धरला. ‘बाबा, ब्रेक लागलाच नाही. मी दाबत होते, दाबत होते, लागलाच नाही.’

त्या क्षणी मला कळलं. कुणी काही सांगायची गरज नव्हती. टाक्याची सुई तिच्या कातडीतून जात होती आणि मला स्वच्छ दिसत होतं की तिनं काय दाबलं असणार. मी म्हणालो, ‘हो बाळा, लागला नसेल.’

गाडीचा पुढचा भाग पार चेपला होता. ब्रेकच्या तेलाची नळी धडकेत तुटली होती, त्यामुळे ब्रेक आधी चालत होते की नाही, हे तपासून सांगणं कठीण होतं. पण मुलगी म्हणते ब्रेक लागला नाही, आणि दोनच दिवसांपूर्वी ब्रेकचं काम झालेलं. हवालदाराला सोपं होतं. फोरमनला उचललं, गॅरेजला कुलूप लागलं. मग हवालदार घरी आला, पाण्याचा ग्लास घेतला, कागद काढला आणि मान खाली घालून म्हणाला, ‘मास्तर, वाईट वेळ आहे, पण विचारावं लागतं. मुलीला गाडी चालवता येत होती ना?’

चिमी आतल्या दारात उभी होती.

‘येत होती,’ मी म्हणालो. ‘मी शिकवलीय. परीक्षा पास आहे.’

त्यानं लिहिलं. मी सही केली. सही नेहमीसारखीच आली.

त्यानंतर लोक भेटायला येत राहिले. उताराच्या मध्यावर शिंप्याचं दुकान आहे. तो शिंपी आला, खुर्चीच्या कडेवर बसला, म्हणाला, ‘माझ्या डोळ्यांदेखत गेली हो गाडी. ब्रेक पार गेलेला असणार. मागचे लाल दिवेसुद्धा लागले नाहीत.’ मी मान हलवली. बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? मागचे लाल दिवे पेडलवर पाय पडला की लागतात. ब्रेक पुरता निकामी असला तरी लागतात. दिवे लागले नाहीत याचा अर्थ तिनं पेडलला पाय लावलाच नाही. शिंप्यानं चांगल्या मनानं येऊन मला पुरावा देऊन ठेवला होता, आणि मी त्याला ‘चहा घेणार का?’ विचारत होतो.

आठव्या दिवशी दातांच्या दवाखान्यातून फोन आला. आवाज तरुण होता. ‘मॅडम मापाला आल्या नाहीत, दुसरी तारीख देऊ का?’ चिमीनं फोन घेतला होता. ती ‘नको’ म्हणाली, फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, ‘त्या फोरमनला मी सोडणार नाही, बाबा. त्यानं माझी आई मारली.’ ती एवढ्या एका गोष्टीला धरून उभी होती. तीच काढून घ्यायची कशी? मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं.

फोरमन जामिनावर सुटला आणि भरदुपारी घरी आला. मला वाटलं भांडायला आलाय, मी तयारच होतो. तो दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली, आणि हात स्वच्छ. त्याचे हात स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते.

‘मास्तर, रोज रात्री मी एकच आठवतोय,’ तो म्हणाला. ‘पॅड बसवले. तेल भरलं. हवा काढली. नळीचा नट आवळला. मग टाकीच्या उतारावरून चालवून बघितली. सगळं आठवतं. पण नट आवळल्याचं आठवतं ते या गाडीचं की आधीच्या, ते आता मला सांगता येत नाही.’ त्यानं दाराची चौकट धरली. ‘माझ्याच हातून राहिला असेल तो नट. वहिनींनी वीस वर्षं मला चहा दिला. तुम्ही म्हणाल ते मी कबूल करतो. फक्त मला माफ करा.’

आणि तो वाकला. माझ्या पायांना हात लावायला वाकला. याच पायांना. मी मागे सरलो, खुर्ची पडली. ‘ऊठ,’ मी ओरडलो, ‘ऊठ म्हणतो ना! नट घट्ट होता. दोन दिवस थांब आणि कुठे काही कबूल करू नकोस.’ त्याला वाटलं मी दुःखानं ओरडतोय. तो डोळे पुसत गेला.

चिमीला खरं सांगायचं, पण बसून सांगायला मला येत नाही. मी जे काही आयुष्यात कुणाला सांगितलं ते गाडीत बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हणालो, ‘फोरमनच्या बाबतीत एक गोष्ट तपासायची आहे. तुझी मदत लागेल. मैदानावर चल.’ गाडीत बसायचं म्हटल्यावर तिचे ओठ पांढरे पडले. पण फोरमनचं नाव ऐकून आली.

आमचं मैदान म्हणजे बंद पडलेल्या गिरणीचं मागचं आवार. एका टोकाकडून दुसरीकडे हलका उतार आणि शेवटी जुन्या टायरचा ढीग. मी गाडी वरच्या टोकाला नेली, उतरलो आणि तिला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. मी शेजारी बसलो. सीट मागे सरकवली. चपला काढल्या. मांडी घातली आणि दोन्ही तळव्यांवर हात दाबून धरले.

चिमीनं बघितलं, पण तिला त्याचा अर्थ लागला नाही. तिनं हा दिवस कधी पाहिलाच नव्हता.

‘पहिला गिअर. मग दुसरा. मी म्हणेन तेव्हा थांबव.’

गाडी निघाली. दुसरा गिअर पडला, उतार सुरू झाला. मी म्हणालो, ‘थांबव.’

तिनं पेडल दाबला. इंजिनचा आवाज सुटा झाला आणि गाडी मोकळी होऊन उतारावर वेग घेऊ लागली.

‘थांबव, चिमे.’

‘दाबलाय!’ ती किंचाळली. ‘बाबा, याचापण लागत नाहीये! याचापण लागत नाहीये!’

माझ्या हातांखाली माझे पाय वळवळत होते. मी ते नखं रुतवून धरून ठेवले. आम्ही धप्पकन टायरच्या ढिगात शिरलो. वरचा एक टायर घरंगळत बॉनेटवर आला आणि बाजूला पडला.

‘पाय हलवू नकोस,’ मी म्हणालो. ‘आहेत तसे ठेव. आता खाली बघ.’

तिनं बघितलं. डावा पाय क्लचवर तळापर्यंत, गुडघा ताठ, मांडी लटलट कापतेय. उजव्या पायाची टाच जमिनीवर, बोटं वर उचललेली, ब्रेकपासून वीतभर लांब. तो पाय तिथे नुसताच थांबला होता.

मग तिनं मान वर केली.

‘पण शिकताना तर मी थांबवत होते.’

‘तू क्लच दाबत होतीस. ब्रेक मी दाबत होतो.’

‘कधीपासून?’

‘चौकात रडलीस त्या दिवसापासून.’

‘परीक्षेला?’

‘परीक्षेलापण.’

तिनं दोन्ही पाय सावकाश पेडलवरून काढले आणि सीटखाली ओढून घेतले. ‘आई ओरडत होती,’ ती म्हणाली. ‘थांबव, थांबव म्हणत होती. मी तिच्यावर खेकसले, बाबा. म्हटलं, दाबलाय ना गं, दिसत नाही का तुला?’ मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं. ‘तुम्हाला कधी कळलं?’

‘हॉस्पिटलमध्ये. तू सांगितलंस तेव्हाच.’

‘आणि मी फोरमनबद्दल रोज बोलत होते, ते तुम्ही ऐकत होतात.’

‘तुझी चूक नाही,’ मी म्हणालो, ‘सगळी माझी आहे. मी चौकीवर जाऊन सांगतो. तू यायची गरज नाही.’

‘बाकी मी आहे,’ चिमी म्हणाली. माझेच शब्द, माझ्याच सुरात. आईच्या चादरीकडे बघतानाही मला इतकं लागलं नव्हतं. मग ती म्हणाली, ‘उतरा.’

‘चिमे...’

‘गाडीतून उतरा.’

मी चपला हातात घेऊन उतरलो. तिनं गाडी मागे घेतली, वळवली, वरच्या टोकाला नेली. मी उताराच्या मध्यावर, कडेला अनवाणी उभा. पहिल्यांदा ती निघाली आणि गचका बसून गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली. या वेळी ती माझ्या समोरून खाली गेली आणि मी फक्त मागच्या दिव्यांकडे बघत होतो. लाल लागले. गाडी ढिगापासून चार हात अलीकडे थांबली. इंजिन बंद न पडता. ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. अकरा वेळा. अकराही वेळा दिवे लागले. एक सकाळ लागली सगळ्याला. तेवढी एक सकाळ मी तिला दिली नव्हती.

मग तिनं दार उघडलं आणि बाहेर आली. ‘चौकीवर जाऊ. तुम्ही चालवा, माझं लायसन्स त्यांच्याकडे आहे.’

मी चालवायला बसलो. ती माझ्या जागेवर बसली. पायाशी दोन पेडल होते, तिनं ते बघितले. चपला काढल्या, पाय वर घेतले आणि वाटभर मांडी घालून समोर बघत राहिली. टाकीच्या उतारावर शिंप्यानं मशीन थांबवून आमच्याकडे बघितलं.

चौकीत हवालदारानं आम्हाला बसवलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण चिमीनं माझ्या हातावर हात ठेवला. ती खालची ओळ वाचायला लावते ना लोकांना, त्या आवाजात म्हणाली, ‘ब्रेकला काही झालं नव्हतं. मी ब्रेक दाबलाच नाही. मी क्लच दाबला. फोरमनकाकांचा काही संबंध नाही.’

हवालदारानं पेन खाली ठेवलं. फाइल उघडून माझा कागद काढला आणि त्यावरून बोट फिरवलं. ‘इथे तर मास्तरांनी लिहून दिलंय, मुलीला चालवता येत होतं म्हणून.’ त्यानं तिच्याकडे बघितलं. ‘येत होतं की नव्हतं?’

‘नव्हतं,’ चिमी म्हणाली. ‘आज सकाळी आलं.’

हवालदारानं नवा कागद घेतला आणि माझ्याकडे वळला.